ग्रँड फायनल २०२४: सिडनी की ब्रिस्बेन? अंदाज सांगा, पण कारणासकट

यारावासी | मंगळवार, २४ सप्टेंबर २०२४

येत्या शनिवारी, २८ तारखेला, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर (एमसीजी) ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची ग्रँड फायनल आहे. सिडनी स्वान्स विरुद्ध ब्रिस्बेन लायन्स. दुपारी अडीचला पहिला बाउन्स (पंच चेंडू जमिनीवर आपटून खेळ सुरू करतो तो), म्हणजे भारतात सकाळचे दहा.

आमच्या ऑफिसात पँट्रीतल्या फ्रिजवर मार्चपासून टिपिंगचा तक्ता लावलेला आहे. दर आठवड्याला प्रत्येक सामन्याचा विजेता लिहायचा, बरोबर आला की एक गुण. दोघांचे गुण सारखे झाले तर ज्याचा फरकाचा अंदाज जवळचा, तो वर. या आठवड्यात त्या तक्त्यावर जवळपास सगळ्यांनी सिडनी लिहिलंय. कारण विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच: ते पहिले आलेत. मला हे कारण अपुरं वाटतं, म्हणून हा धागा. इथे पैशांची पैज लावायची नाही. अंदाज लिहा, किती गुणांनी ते लिहा आणि का ते लिहा.

माझा कौल ब्रिस्बेनला, ११ गुणांनी.

सिडनी १७ विजय आणि ६ पराभव घेऊन गुणतक्त्यात पहिली आली. ब्रिस्बेन १४ विजय, ८ पराभव आणि एक बरोबरी, पाचवा क्रमांक. कागदावर फरक मोठा दिसतो. पण ब्रिस्बेनचे ते आठ पराभव कधीचे आहेत ते बघा. मोसमाचे पहिले तीनही सामने ते हरले. कोलमन, डोडी, गार्डिनर, मॅकार्थी, एकामागून एक गुडघ्याचं लिगामेंट फाटून बाहेर. एप्रिलअखेर या संघावर कुणी पैसाही लावला नसता. त्यानंतर जो संघ उभा राहिला तो वेगळाच आहे, आणि शनिवारी तो खेळणार आहे.

आता त्यांचा सप्टेंबर, म्हणजे बाद फेरी. पहिल्या आठवड्यात घरच्या गॅबा मैदानावर कार्लटनला ६०-० असं कोंडून शेवटी २८ गुणांनी हरवलं. दुसऱ्या आठवड्यात सिडनीत जायंट्सविरुद्ध ४४ गुणांनी मागे असताना सामना फिरवला आणि पाच गुणांनी जिंकला. तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे परवाच्या शनिवारी, एमसीजीवर जीलाँगविरुद्ध २५ गुणांची पिछाडी भरून काढून दहा गुणांनी जिंकला. दोनदा गाडलेले असताना दोनदा वर आले.

पण माझं खरं कारण त्यांच्या खेळण्याच्या पद्धतीत आहे. ब्रिस्बेन चेंडू पायाने खेळवतं. छोटी, मोजकी किक, समोरच्याने ती हवेतच झेलायची, की झाला मार्क. मार्क झाला की त्याला कुणी हात लावायचा नाही. तो निवांत मागे सरकतो, बघतो आणि पुढची किक मारतो. असं चालू राहिलं की समोरचा संघ नुसता पळत राहतो. सिडनीची सगळी ताकद हीनी, वॉर्नर आणि गुल्डन या तिघांच्या मुसंडीत आहे. घोळक्यातून चेंडू काढला की ते सुसाट सुटतात. त्यांना चेंडूच मिळाला नाही तर ते सुटणार कशावर?

आणि तिसरं, मैदान. सिडनी या सप्टेंबरात दोन्ही सामने घरच्या एससीजीवर (सिडनी क्रिकेट ग्राउंड) खेळली. ते मैदान लीगमधल्या लहान मैदानांपैकी. एमसीजी लांबरुंद आहे, आणि चेंडू राखून खेळणाऱ्याला जागाच जागा मिळते.

---

स्वानी_स्नेहल | २४ सप्टेंबर, संध्याकाळ

यारावासी, कारणं वाचली आणि पटली नाहीत. मी सिडनीत राहते, मुलगा ऑसकिकला, म्हणजे या खेळाच्या लहान मुलांच्या वर्गाला जातो, घरात लाल-पांढऱ्याशिवाय दुसरा रंग नाही, हे आधीच सांगते.

तुम्ही ब्रिस्बेनच्या दोन पुनरागमनांचं कौतुक केलंत. मी त्याच गोष्टीकडे दुसरीकडून बघते. जो संघ दोन आठवडे ओळीने २५ आणि ४४ गुणांनी मागे पडतो, त्याच्या बचावात काहीतरी ढिलं आहे. सिडनीविरुद्ध एवढं मागे पडलात तर सिडनी परत येऊ देणार नाही.

शिवाय विश्रांती. सिडनी पहिला सामना जिंकली, एक आठवडा बसली, मग पोर्ट अॅडलेडला ३६ गुणांनी हरवलं, आणि तेही शुक्रवारी. ब्रिस्बेनचा शनिवार हा सलग चौथा आठवडा. ब्रिस्बेन, सिडनी, मेलबर्न, परत घरी, परत मेलबर्न. विमानतळांवरच त्यांचा महिना गेलाय. शेवटच्या क्वार्टरला पाय बोलतात.

आणि त्यांचा रकमन, म्हणजे बाउन्सला उडी मारून चेंडू आपल्या माणसांकडे ढकलणारा उंच खेळाडू, ऑस्कर मॅकिनर्नी जीलाँगविरुद्ध खांदा निखळून बाहेर गेला. समोर सिडनीचा रकमन ब्रॉडी ग्रंडी आहे. मधल्या बाउन्सला ग्रंडी चेंडू वॉर्नरच्या हातात ठेवेल. तुमचे मार्क-किक-मार्क सुरू व्हायला आधी चेंडू हवा ना?

सिडनी, २२ गुणांनी.

---

निनाद_नाशिक | २४ सप्टेंबर, रात्री

मी नाशिकहून. बहीण मेलबर्नला शिकायला गेली, तिच्यामुळे मागच्या वर्षीची फायनल पाहिली आणि या खेळाची गोडी लागली. पण गुणांचं अजून नीट डोक्यात बसत नाही. १४.११ (९५) असं लिहितात ते कसं वाचायचं? आणि एक प्रश्न, एमसीजी म्हणजे आमच्यासाठी अजिंक्य रहाणेचं डिसेंबर २०२० मधलं ११२. त्याच मैदानावर हे खेळतात, मग खेळपट्टीचं काय करतात?

---

यारावासी | बुधवार, २५ सप्टेंबर

निनाद, स्वागत. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून किक मारून चेंडू घातला की गोल, सहा गुण. बाजूच्या आखूड खांबांच्या पट्टीतून गेला, किंवा उंच खांबाला लागला, तर बिहाइंड, एक गुण. १४.११ म्हणजे १४ गोल आणि ११ बिहाइंड. चौदा सक चौऱ्याऐंशी अधिक अकरा, पंच्याण्णव.

हे कळलं की अंदाजाची निम्मी लढाई कळली. गेल्या वर्षीची तू पाहिलेली फायनल आठव. कॉलिंगवूड १२.१८ (९०), ब्रिस्बेन १३.८ (८६). ब्रिस्बेनने एक गोल जास्त मारला आणि तरी चार गुणांनी हरले. यंदा जायंट्सविरुद्ध उलटं झालं. दोघांचे गोल १५-१५, ब्रिस्बेनचे बिहाइंड १५ आणि त्यांचे १०. पाच गुणांचा सगळा फरक बिहाइंडचा. आणि जीलाँगविरुद्ध १४.११ आणि १२.१३, म्हणजे दोघांना संधी बरोबर पंचवीस-पंचवीस, नेम ब्रिस्बेनचा बरा. म्हणून मी फरक छोटाच लिहिलाय. संधी सारख्या असल्या की नेम सामना ठरवतो, आणि नेमाचा अंदाज कुणालाच करता येत नाही.

खेळपट्टीचं उत्तर सोपं आहे. एमसीजीवर ती ड्रॉप-इन असते. बाहेर तयार करून उन्हाळ्यात आणून बसवतात, फूटीच्या, म्हणजे याच फुटबॉलच्या मोसमात उचलून नेतात. रहाणेला त्या सामन्यात जे पदक मिळालं ते जॉनी मुलाघच्या नावाचं आहे. मुलाघ १८६८ साली इंग्लंडला गेलेल्या आदिवासी क्रिकेटपटूंच्या संघातला. ते पदक पहिल्यांदा दिलं गेलं ते रहाणेलाच.

स्नेहलताई, तुमचा रकमनचा मुद्दा मी डोक्यात ठेवलाय. त्यावर गुरुवारी संघ जाहीर झाले की बोलू.

---

आकडेमोड | २५ सप्टेंबर

गुणतक्त्यात पहिला आलेला संघ फायनल जिंकतो का, यावर दोघंही बोलताय, तर जुनी पानं उलटून पाहिली.

गेली तीन वर्षं पहिला आलेलाच जिंकलाय. २०२१ मेलबर्न, २०२२ जीलाँग, २०२३ कॉलिंगवूड. त्याआधी मात्र चित्र वेगळं. २०१८ ला रिचमंड, २०१९ ला जीलाँग, २०२० ला पोर्ट अॅडलेड, तिघेही पहिले आले आणि उपांत्य सामन्यातच गेले. २०१७ ला अॅडलेड पहिलं, फायनल हरलं. २०१४ आणि २०१६ ला पहिली आली होती सिडनीच, आणि दोन्ही फायनल हरली. २०१४ ला हॉथॉर्नकडून ६३ गुणांनी, २०१६ ला वेस्टर्न बुलडॉग्जकडून २२ गुणांनी.

दुसऱ्या बाजूला, २००० पासून ही अंतिम आठची पद्धत आहे, आणि तेव्हापासून पहिल्या चारांच्या बाहेरून येऊन जिंकणारा संघ एकच: २०१६ चे बुलडॉग्ज, सातव्या क्रमांकावरून. आणि ते कुणाला हरवून? सिडनीला. ब्रिस्बेन जिंकलं तर तो दुसरा संघ ठरेल. म्हणजे वाट अवघड आहे, पण तिच्यावर एकदा पाऊल पडलेलं आहे.

माझा अंदाज ब्रिस्बेन, ५ गुणांनी. त्यात आत्मविश्वास फार नाही.

---

स्वानी_स्नेहल | २५ सप्टेंबर

२०१४ आणि २०१६ चा संघ आणि आजचा संघ यात मोजकेच खेळाडू सामाईक. वॉर्नर तेव्हा शाळेत होता! दहा वर्षांपूर्वीच्या पराभवाचं ओझं त्याच्या पायावर कशाला टाकता?

---

आकडेमोड | २५ सप्टेंबर

खेळाडूंबाबत मान्य. पण २०२२ च्या फायनलला यातले पुष्कळ होते, वॉर्नरसुद्धा. जीलाँगने ८१ गुणांनी हरवलं, १३३-५२. प्रशिक्षक लॉन्गमायर तेव्हाही होते, २०१२ ला जिंकले तेव्हाही होते, २०१४ आणि २०१६ लाही. आणि याच ऑगस्टमध्ये पोर्ट अॅडलेडने त्यांना अॅडलेड ओव्हलवर ११२ गुणांनी हरवलं. त्याच पोर्टला त्यांनी शुक्रवारी ३६ ने हरवलं, हेही खरं. मला त्यातून एवढंच दिसतं की या संघाचा चांगला दिवस आणि वाईट दिवस यांच्यातलं अंतर फार मोठं आहे.

---

माधवकाका | २५ सप्टेंबर, रात्री

तुम्ही तरुण मंडळी आकड्यांचं बोलताय, मी प्रेक्षकांचं बोलतो. मेलबर्नला येऊन माझी हयात गेली.

दोन्ही क्लब बाहेरचे म्हणतात, पण दोघांची मुळं याच शहरात. स्वान्स म्हणजे साउथ मेलबर्न. पैसा संपला, १९८२ ला क्लब सिडनीला नेला. लायन्समध्ये फिट्झरॉय आहे. तो क्लब १९९६ च्या अखेरीस ब्रिस्बेन बेअर्समध्ये विलीन झाला, आणि पुढच्या मोसमापासून ब्रिस्बेन लायन्स हे नाव आलं. फिट्झरॉयचं शेवटचं जेतेपद १९४४ चं. साउथ मेलबर्नचं १९३३ चं, त्यानंतर थेट २००५ ला सिडनीच्या नावाने, ७२ वर्षांनी.

आमच्या गल्लीत फिट्झरॉयचे एक जुने समर्थक राहतात. त्यांच्याकडे विणलेला मफलर आहे, मरून आणि निळा, टोकांची लोकर सुटलेली. क्लब गेला तेव्हा त्यांनी फूटी बघणं सोडलं. २००१ ला लायन्स फायनलला आले तेव्हा मुलीने आग्रह करून नेलं. तेव्हापासून तो मफलर दर सप्टेंबरला बाहेर निघतो. परवा जीलाँगचा सामना संपल्यावर ते फाटकापाशी उभे राहून माझ्याशी बराच वेळ बोलले. बोलण्यात ब्रिस्बेन शहराचा उल्लेखही नव्हता. त्यांच्या लेखी फिट्झरॉय जिंकलं होतं.

तेव्हा प्रेक्षक अर्धे-अर्धे असतील हे धरून चाला. साउथची माणसं अजून आहेत, फिट्झरॉयचीही आहेत. कुणाही एकाला घरच्या मैदानाचा फायदा नाही. व्हिक्टोरिया राज्याबाहेरच्या दोन संघांची यापूर्वीची फायनल २००६ ची, वेस्ट कोस्ट ८५, सिडनी ८४. एका गुणाने. तेव्हा मी तिथे होतो, आवाजाने कान बसले होते.

माझा कौल ब्रिस्बेन. फरक लिहीत नाही. फिट्झरॉयसाठी.

---

निनाद_नाशिक | २५ सप्टेंबर

काका, हे वाचून मीही ब्रिस्बेन. ७ गुणांनी.

---

वूलूनगॅबा | गुरुवार, २६ सप्टेंबर

ब्रिस्बेनहून. गॅबापासून चालत जाण्याच्या अंतरावर घर आहे, म्हणून हे नाव.

थकव्याबद्दल स्नेहलताई म्हणतात ते ऐकून घेतलं, पण इथे जे दिसतंय ते वेगळं आहे. या संघाच्या डोक्यात गेल्या वर्षीचे चार गुण आहेत. शेवटच्या काही मिनिटांत चार्ली कॅमेरनने गोल मारून आघाडी घेतली होती. मग डी गोई आणि साइडबॉटम यांनी दोन लांब गोल मारले आणि संपलं. त्या दिवशी मैदानावर असलेले बहुतेक जण शनिवारी पुन्हा असणार आहेत. सिडनीकडे अशी ताजी, थोडक्यात हुकलेली फायनल नाही. त्यांच्याकडे ८१ गुणांची आहे, आणि तिच्यातून शिकण्यासारखं कमी असतं.

क्रिस फेगन २०१७ ला आले तेव्हा आम्ही तळाला होतो. माणूस टास्मानियातल्या क्वीन्सटाउनचा, वरच्या लीगमध्ये एकही सामना खेळलेला नाही. सात-आठ वर्षांत तळातून इथवर संघ आणलाय. दरवर्षी बाद फेरीत कुठेतरी अडकायचा, आणि एमसीजी म्हटलं की पाय लटपटायचे. २०१४ नंतर तिथे जिंकणंच जमत नव्हतं, ते २०२२ च्या सप्टेंबरात मेलबर्नला हरवून जमलं. आता परवा जीलाँगलाही तिथेच हरवलं. मैदानाची भीती संपली हे माझ्या लेखी सगळ्यात मोठं.

जुलैत गॅबावर सिडनीला आम्ही हरवलंय, थोडक्यात का होईना. ब्रिस्बेन, १५ गुणांनी.

---

यारावासी | गुरुवार, २६ सप्टेंबर, संध्याकाळ

संघ आले.

ब्रिस्बेन: मॅकिनर्नी नाही, त्याच्या जागी डार्सी फोर्ट. सिडनी: कर्णधार कॅलम मिल्स नाही, मांडीचा स्नायू. लोगन मॅकडॉनल्ड संघात आहे, घोटा दुखावलेला असूनही.

स्नेहलताई, फोर्टमुळे मधल्या बाउन्सला सिडनी वरचढ ठरू शकेल हे मी मान्य करतो. पण एक बघा. रकमनने चेंडू थोपटला की तो मिळवायचं काम खालच्या लोकांचं. तिथे ब्रिस्बेनकडे लॅकी नील आहे, दोन ब्राउनलो पदकांचा (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक) मानकरी, २०२० आणि २०२३. डंकली आहे, तो समोरच्या मुख्य खेळाडूला सावलीसारखा चिकटतो. मॅक्लगेज आहे. आणि विल अॅशक्रॉफ्ट. या मुलाचं गुडघ्याचं लिगामेंट गेल्या वर्षीच्या जुलैत फाटलं, गेल्या वर्षीची फायनल त्याने बाहेर बसून पाहिली, यंदा मोसमाच्या मधल्या टप्प्यात परतला. वडील मार्कस २००१, २००२ आणि २००३ च्या तीनही विजेत्या लायन्स संघांत होते. वय वीस. माझं लक्ष त्याच्यावर असेल.

मॅकडॉनल्डबद्दल मात्र मला काळजी वाटते, आणि ही समर्थक म्हणून नाही, खेळ बघणारा म्हणून. २०२२ ला सिडनीने सॅम रीडला दुखापतीसह फायनलला उतरवलं होतं, त्याला मधेच बाहेर काढावं लागलं. या मोसमाच्या नियमात कायमच्या बदलीसाठी राखीव एकच आहे. तो लवकर वापरला की उरलेला सामना दमलेल्या पायांवर काढायचा.

---

स्वानी_स्नेहल | २६ सप्टेंबर

मिल्सचं वाईट वाटलं. कर्णधाराने वर्षभर वाट बघून फायनलला कडेला उभं राहायचं. मॅकडॉनल्डबद्दल तुम्ही म्हणता ते मलाही खुपतंय. पण पुढच्या फळीत उंच खेळाडू हवाच, नाहीतर ब्रिस्बेनचा बचावपटू हॅरिस अँड्र्यूज येणारी प्रत्येक किक आरामात अडवेल.

माझा कौल बदलत नाही. हीनी मोठ्या सामन्यांचा माणूस आहे. जायंट्सविरुद्ध तीन गोल आणि तो डोक्यावरून घेतलेला झेल विसरू नका. तो सामना सिडनी हरतच होती, एकट्याने ओढून आणला आणि सहा गुणांनी जिंकली. फरक कमी करते. सिडनी, १३ गुणांनी.

---

तृप्ती_जीलाँग | शुक्रवार, २७ सप्टेंबर

माझा संघ बाद झालाय, तरी धागा पहिल्यापासून वाचतेय. आज इथे सुट्टी, फायनलच्या आदल्या दिवशीची दोन्ही संघांची परेड पाहून आले. खेळाडूंचे चेहरे बघितले. त्यावरून काही ठरत नाही हे माहीत आहे, पण ब्रिस्बेनचे खेळाडू मोकळे दिसले.

परवा आमच्याविरुद्ध त्यांनी काय केलं ते स्टँडमधून पाहिलं, तेवढं सांगते. टीव्हीवर चेंडूभोवतीच कॅमेरा असतो. वरून सगळं मैदान दिसतं. एका ब्रिस्बेनवाल्याने मार्क घेतला की लगेच तिघं-चौघं वेगवेगळ्या दिशांना पळायला लागतात, चेंडूपासून लांब. आमच्या माणसाला ठरवावं लागतं कुणामागे जायचं, आणि एक जण मोकळा राहतोच. किक त्याच्याकडे. परत तेच. तिसऱ्या क्वार्टरला आम्ही २५ नी पुढे होतो, पण आमची माणसं कमरेवर हात ठेवून उभी राहायला लागली होती. मला तिथेच कळलं.

दमलेला संघ कोण असेल याचं उत्तर प्रवासाच्या तासांत शोधू नका. ज्याच्याकडे चेंडू नसतो तो दमतो. ब्रिस्बेन, २० गुणांनी.

---

यारावासी | २७ सप्टेंबर

तृप्तीताई, हा या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. स्टँडमधून पाहणाऱ्यालाच हे दिसतं.

उद्या कुणाला सामना लक्षपूर्वक बघायचा असेल तर माझं सांगणं: पहिल्या क्वार्टरचे गुण फार मनावर घेऊ नका. तेव्हा सगळेच जीव तोडून धावतात. क्वार्टर म्हणायला वीस मिनिटांचं, थांबलेला वेळ धरून अर्ध्या तासाच्या आसपास जातं. दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर बघा की ब्रिस्बेन सुटे मार्क, म्हणजे जवळ कुणी अडवायला नसताना, घेतंय का. घेत असेल तर सामना त्यांचा. आणि सिडनी चेंडू उचलून मधूनच धावत सुटत असेल, तर स्नेहलताईंचा.

---

निनाद_नाशिक | शनिवार, २८ सप्टेंबर, सकाळी १०:०५

सुरू झालं. बहीण स्टेडियमजवळ आहे, फोनवर नुसता गोंगाट ऐकू येतोय.

---

निनाद_नाशिक | २८ सप्टेंबर, सकाळी ११:२०

दुसऱ्या क्वार्टरला हे काय चाललंय? ब्रिस्बेन थांबतच नाहीये! यारावासीदादा, मार्क मोजायला घेतले होते, सोडून दिले.

---

वूलूनगॅबा | २८ सप्टेंबर

मध्यंतरालाच चाळीसहून जास्त गुणांची आघाडी. हात थरथरतायत. जायंट्सविरुद्ध आम्हीच ४४ भरून काढले होते, त्यामुळे अजून काही बोलत नाही.

---

वूलूनगॅबा | २८ सप्टेंबर, दुपारी

ब्रिस्बेन १८.१२ (१२०), सिडनी ९.६ (६०).

साठ गुण. २००३ नंतर पहिल्यांदा. घराबाहेर रस्त्यावर लोक एकमेकांना मिठ्या मारतायत.

---

माधवकाका | २८ सप्टेंबर, रात्री

शेजाऱ्यांकडे जाऊन आलो. चहा झाला. आठ दशकांनी फिट्झरॉय, असं म्हणत होते. मी २००१ ची आठवण करून दिली, तर म्हणाले तेही आमचंच. अभिनंदन, वूलूनगॅबा.

---

स्वानी_स्नेहल | रविवार, २९ सप्टेंबर

ब्रिस्बेनच्या सगळ्यांचं अभिनंदन. ते उत्तम खेळले, आम्ही खेळलोच नाही. वॉर्नर, हीनी, गुल्डन, तिघांचाही सामन्यावर ठसा नाही. मॅकडॉनल्डला बाहेर काढावं लागलं. २०२२ नंतर पुन्हा हेच बघणं फार जड गेलं. मुलगा रात्री रडून झोपला आणि आज सकाळी तोच चेंडू घेऊन अंगणात गेला.

लॉन्गमायरना दोष देणाऱ्यांना मात्र एक सांगायचंय. चार फायनल हरले म्हणतात, पण संघ पुन्हा पुन्हा फायनलला नेणं हेही त्यांनीच केलं.

---

आकडेमोड | २९ सप्टेंबर

नोंद करून ठेवतो. साठ गुणांचा फरक या धाग्यात कुणीही लिहिला नव्हता. सर्वात जवळ तृप्तीताई, २० गुण. २००० नंतर पहिल्या चारांबाहेरून येऊन जिंकणारा ब्रिस्बेन हा दुसरा संघ. फेगन ६३ व्या वर्षी, जेतेपद मिळवणारे सर्वात वयस्क प्रशिक्षक. नॉर्म स्मिथ पदक, म्हणजे फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचं, विल अॅशक्रॉफ्टला. कॅलम अह ची आणि काय लोमन यांचे प्रत्येकी चार गोल.

मला यातून पुढच्या वर्षासाठी एक पद्धत बदलायची आहे. गुणतक्त्याचे २३ सामने एकसारखे मोजण्यात अर्थ नाही. ब्रिस्बेनचे मार्च-एप्रिल बाजूला काढले असते तर ते पाचवे दिसलेच नसते, आणि सिडनीचे जुलै-ऑगस्ट वेगळे बघितले असते तर ती एवढी पहिली दिसली नसती. यापुढे जुलैपासूनचे सामने स्वतंत्र मोजणार.

---

यारावासी | २९ सप्टेंबर

आकडेमोड, पद्धत योग्य आहे, पण तिच्यात दुखापतींचं खातंही जोडा. ब्रिस्बेनचे गुडघे फाटलेले खेळाडू पुढच्या वर्षी परततील. शिवाय अॅशक्रॉफ्टचा धाकटा भाऊ लेव्हाय येऊ घातलाय. वडील क्लबकडून खेळलेले असल्यामुळे त्याच्यावर लायन्सचा आधी हक्क आहे. फोर्टबद्दलही लिहायला हवं. सगळे म्हणत होते मॅकिनर्नी नाही म्हणजे मधली फळी गेली. फोर्टने ग्रंडीला मोकळं सोडलं नाही, तेवढंच त्याचं काम होतं आणि ते त्याने चोख केलं. अशा खेळाडूंची नावं पदकांच्या यादीत येत नाहीत.

स्नेहलताई, तुमची हीनी, वॉर्नर, गुल्डनवाली मधली फळी पुढच्या वर्षीही असणार आहे. फक्त समोरच्याकडे चेंडू असताना काय करायचं, याचं उत्तर सिडनीला हिवाळ्याआधी शोधावं लागेल. ते मिळालं नाही तर एमसीजीवर पुन्हा हेच होईल असं मला वाटतं.

---

निनाद_नाशिक | २९ सप्टेंबर

पुढच्या मोसमाचं टिपिंग या धाग्यावरच करूया का? मार्चमध्ये दर आठवड्याचे सामने कुणीतरी इथे टाका, मी आणि बहीण दोघंही नावं देतो. फरकाचा अंदाज फक्त पहिल्या सामन्याचा घ्यायचा की सगळ्यांचा, तेवढं आधी ठरवा.